ध्रुवीय समुद्राच्या तळाशी कोण काय खातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंग्विन, सील आणि ध्रुवीय अस्वलं सगळ्यांच्या ओळखीची असतात. त्यांच्या पायांखाली, बर्फ आणि पाणी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या गाळात काय चालतं, याबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. खरं तर अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या ज्ञात प्राणीजातींपैकी बहुतेक तळाशीच राहतात. त्यांच्याबद्दल पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तळाशी ऊन पोहोचत नाही. मग तिथे खायला येतं कुठून?

जवळजवळ सगळं वरून येतं. उन्हाळ्यात बर्फ फुटतो, ऊन पाण्यात शिरतं आणि डायटमसारखी सूक्ष्म शैवालं काही आठवडे झपाट्याने वाढतात. त्यातलं जे कोणी खात नाही ते हळूहळू खाली बसतं. जे खाल्लं जातं त्याचाही मोठा हिस्सा विष्ठेच्या गोळ्या होऊन खालीच येतो. क्रिल (कोळंबीसारखे छोटे प्राणी) आणि सॅल्प (पारदर्शक, पिंपासारखे तरंगते प्राणी) यांची विष्ठा जड असते, त्यामुळे ती सुट्या शैवालपेशीपेक्षा कितीतरी लवकर तळ गाठते. ऐकायला कसंसंच वाटेल, पण शेकडो मीटर खाली राहणाऱ्या कृमींच्या आणि समुद्री काकड्यांच्या दृष्टीने हा ताजा माल असतो.

दुसरा स्रोत म्हणजे खुद्द समुद्रबर्फ. बर्फाची खालची बाजू अनेकदा तपकिरी दिसते, कारण तिथे शैवाल चिकटून वाढत असतं. आर्क्टिकमधल्या मेलोसिरा आर्क्टिका या डायटमच्या तर बर्फाखाली लांबच लांब झिपऱ्या लोंबतात. २०१२च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधलं बर्फाचं क्षेत्र उपग्रहनोंदींमधल्या नीचांकावर आलं, तेव्हा जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन जहाज मध्य आर्क्टिकमध्ये होतं. आन्ट्ये बोएटियस यांच्या पथकाने तळाशी कॅमेरा सोडला, तर साडेतीन ते साडेचार हजार मीटर खोलीवर या शैवालाचे हिरवट-तपकिरी पुंजके पडलेले दिसले. समुद्री काकड्या आणि ब्रिटल स्टार (तारामाशांचे लांब, बारीक बाहूंचे भाऊबंद) त्यांवर ताव मारत होते. पुंजक्यांखालच्या गाळात कुजण्याची क्रिया इतकी जोरात होती की तिथला प्राणवायू कमी झाला होता. इतक्या खोलवर इतकं अन्न एकदम पोहोचतं, हे तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

उथळ किनाऱ्यालगत मोठी समुद्री शैवालंही असतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पापाशी डेस्मारेस्टियासारख्या शैवालांचं रानच असतं, पण त्यांतली बरीचशी बेचव रसायनांनी भरलेली असतात. त्यामुळे त्यांच्या आडोशाने राहणारे ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले प्राणी, मूळ झाड सोडून त्यावर उगवलेलं बारीक शैवाल खातात. मोठी शैवालं मरून कुजल्यावर मात्र त्यांचे तुकडे गाळातल्या अन्नात जमा होतात.

हिवाळ्यात तर वरून काहीच पडत नाही. तेव्हा सगळे उपाशी राहतात का?

काही राहतात, काही नाही. ध्रुवीय तळाबद्दल माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. थंडीला तिथले जीव लाखो वर्षांपूर्वीच सरावले. त्यांच्या आयुष्याला आकार देतं ते अन्नाचं वेळापत्रक.

स्टेरेकायनस न्यूमायेरी हा अंटार्क्टिकामधला सी अर्चिन (काटेरी गोल प्राणी) हिवाळ्यात कित्येक महिने तोंडसुद्धा उघडत नाही. शरीरातला साठा पुरवून वापरतो आणि चयापचय आणखी मंद करतो. साउथ ऑर्कनी बेटांमधल्या सिग्नी बेटाजवळ पाणबुड्यांनी वर्षभर ठेवलेल्या नोंदी याच्या अगदी उलट निघाल्या. तिथले कित्येक ब्रायोझोअन, म्हणजे खडकावर जाळीसारख्या वसाहती करणारे चिमुकले प्राणी, वर्षातले जेमतेम काही आठवडे खाणं थांबवत होते. मोठे डायटम संपले तरी पाण्यात अतिसूक्ष्म प्लवक, म्हणजे तरंगते जीव, उरतात, आणि ते गाळून घेण्याइतकी बारीक चाळणी ज्यांच्याकडे आहे त्यांचं भागतं.

गाळ खाणाऱ्यांची सोय आणखी वेगळी आहे. १९९९ ते २००१ या काळात क्रेग स्मिथ आणि डेव्हिड डीमास्टर यांनी अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, सुमारे सहाशे मीटर खोलीवर, वेगवेगळ्या ऋतूंत गाळ काढून तपासला. उन्हाळ्यात वरून पडलेलं हिरवं अन्न भर हिवाळ्यातही त्यात शिल्लक होतं. इतक्या थंडीत जिवाणू ते सावकाश कुजवतात, त्यामुळे एका उन्हाळ्याची बेगमी पुढचा उन्हाळा येईपर्यंत पुरते. म्हणून पृष्ठभागावर एवढी टोकाची सुगी आणि दुष्काळ असतानाही गाळातल्या समुद्री काकड्यांच्या जेवणात ऋतूंप्रमाणे तितका फरक पडत नाही.

मग या अन्नजाळ्यात नेमकं कोण कोणाला खातं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर अंटार्क्टिकामधल्या मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीतून आलेलं आहे. पॉल डेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून तिथल्या बर्फाला भोक पाडून खाली बुड्या मारल्या. १९७४ साली त्यांनी मांडलेलं चित्र आजही वाचण्यासारखं आहे.

तिथल्या तळाशी स्पंजांचं राज्य आहे. स्पंज पाणी गाळून सूक्ष्म कण खातात आणि स्वतः तारामाशांच्या तोंडी पडतात. मायकेल अॅसेराटा हा स्पंज इतरांपेक्षा वेगाने वाढतो. त्याला मोकळं सोडलं तर बाकीच्यांना जागाच उरणार नाही. पण पर्कनॅस्टर फस्कस हा तारामासा मोठा होऊन मुख्यतः तोच खातो, त्यामुळे मंद वाढणाऱ्या स्पंजांना वाव मिळतो. या मंद स्पंजांना खाणारा मोठा तारामासा म्हणजे अकोडोन्टॅस्टर कॉन्स्पिक्युअस. त्याची संख्या वाढली तर स्पंजांचा फडशा पडेल. तसं होत नाही, आणि त्याचं श्रेय जातं ओडोन्टॅस्टर व्हॅलिडस या लहानशा लाल तारामाशाकडे.

हा लाल तारामासा काहीही खातो: सीलची विष्ठा, गाळावरचे डायटम, स्पंज, मेलेले प्राणी. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या अकोडोन्टॅस्टरवरही तो हल्ला करतो. एखादा लाल तारामासा त्याच्या बाहूच्या टोकाला चिकटतो, पोट बाहेर काढून कातडी विरघळवतो आणि जखम करतो. जखमेतून झिरपणाऱ्या द्रवाचा वास पाण्यात पसरला की आजूबाजूचे आणखी लाल तारामासे गोळा होतात. एकट्याला न पेलणारी शिकार असे सगळे मिळून संपवतात. या झटापटीत कोणीच घाई करत नाही. शून्याखालच्या पाण्यात शिकारसुद्धा सावकाश चालते.

‘मोठा लहानाला खातो’ एवढ्यावर इथे भागत नाही, हे या उदाहरणावरून दिसतं. एक लहान सर्वभक्षी प्राणी मोठ्या भक्षकाला आवरून धरतो आणि त्यावर स्पंजांचं अख्खं जंगल टिकून राहतं.

हे चित्र कायमचं आहे का?

नाही. डेटन यांच्या पथकाने १९६० आणि ७०च्या दशकांत तळाशी कृत्रिम पृष्ठभाग ठेवले होते. पुढची दोन दशकं त्यांवर काचेच्या स्पंजांचं, म्हणजे काचेसारख्या सिलिकाचा सांगाडा असलेल्या स्पंजांचं, नाव नव्हतं. २०१० साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा त्याच पृष्ठभागांवर मोठाले स्पंज उभे होते. वर्षानुवर्षं काहीच घडत नाही आणि मग अचानक एक पिढी उसळून येते. पाच वर्षांच्या प्रकल्पातून अशा जागेबद्दल निष्कर्ष काढणं किती धोक्याचं आहे, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दीर्घ निरीक्षणांना निधी मिळत राहायला हवा, असं मी म्हणूनच आग्रहाने म्हणतो.

तिथे खेकडे आणि शार्क का नाहीत?

अंटार्क्टिकाच्या उथळ तळावर कवच फोडून खाणारे शिकारी जवळपास नाहीतच. खेकड्यांबाबतचं एक स्पष्टीकरण शरीरशास्त्रातलं आहे. खेकड्यांना रक्तातलं मॅग्नेशियम नीट बाहेर टाकता येत नाही आणि कडाक्याच्या थंडीत त्याने त्यांना गुंगी येते. कोळंबीच्या काही जाती ते टाकू शकतात, म्हणून त्या तिथे आहेत. कवचं फोडणारं कोणी नसल्यामुळे मऊ अंगाचे, उघड्यावर उभे राहून पाणी गाळणारे प्राणी तिथे दाटीवाटीने राहू शकतात. ब्रिटल स्टारचे थरच्या थर पसरलेला असा तळ जगात इतरत्र क्वचितच दिसतो.

खोल आणि किंचित उबदार पाण्यात मात्र किंग क्रॅब आहेत. २०१० साली द्वीपकल्पाजवळच्या पामर डीप या खोलगट भागात, सुमारे ८५० मीटरच्या खाली, त्यांची मोठी वस्ती सापडली. जिथे हे खेकडे होते तिथे तारामासे, अर्चिन यांच्यासारखे काटेरी कातडीचे प्राणी दिसलेच नाहीत. हे खेकडे नव्याने आले की आधीपासूनच तिथे होते, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पाणी तापत गेलं तर ते वर सरकतील का, ही चिंता मात्र खरी आहे.

माशांचं रक्त गोठत कसं नाही?

समुद्राचं पाणी उणे १.९ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं आणि बहुतेक माशांचं रक्त त्याआधीच. नोटोथेनिऑइड गटातल्या माशांच्या रक्तात बर्फाच्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखणारी प्रथिनं असतात. आर्थर डीव्हरीज यांनी १९६०च्या दशकात ती शोधून काढली. याच गटातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, त्यामुळे ते पांढुरकं दिसतं. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून त्यांचं निभावतं.

मासे तळाशी घरटी करतात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ध्रुवीय सागरतळावरच्या अलीकडच्या शोधांपैकी मला सर्वांत थक्क करणारा शोध हाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलारस्टर्न जहाजावरच्या ऑटन पर्सर यांच्या पथकाने वेडेल समुद्रात तळाजवळून कॅमेरा ओढत नेला. गाळात एक गोल खळगा दिसला, मग दुसरा, मग तासन्‌तास खळगेच खळगे. प्रत्येक सुमारे ७५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल होता. मधला गाळ बाजूला सारून तळाचे खडे उघडे केलेले, त्यांवर अंडी आणि बहुतेक ठिकाणी राखणीला एक मोठा मासा. हे होते निओपॅजेटॉप्सिस आयोना जातीचे आइसफिश. एका घरट्यात सरासरी १,७३५ अंडी. वसाहतीचा विस्तार किमान २४० चौरस किलोमीटर आणि घरट्यांची अंदाजे संख्या ६ कोटी.

अन्नजाळ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. एवढी अंडी आणि एवढे मासे एका जागी म्हणजे वेडेल सीलसाठी भरलेलं कोठारच. खुणपट्टे लावलेल्या सीलच्या बुड्या याच भागात होत असल्याचं दिसलं आहे. मेलेले मासेही तिथेच पडतात आणि तळावरच्या सफाई करणाऱ्या प्राण्यांचं पोट भरतात.

हिमनग तळाला घासतात तेव्हा काय होतं?

वाटेत येणारं जवळजवळ सगळं चिरडलं जातं. मोठे हिमनग कित्येकशे मीटर खोल असतात आणि गाळात लांबच लांब चर पाडत जातात. पहिला फायदा सफाई करणाऱ्यांना होतो. दोन मीटरपर्यंत वाढणारा पार्बोर्लासिया हा चपटा कृमी, ब्रिटल स्टार आणि आपला लाल तारामासा चिरडलेल्या प्राण्यांवर गोळा होतात. पुढे त्या जागी आधी लवकर वाढणारे प्राणी येतात आणि फार उशिरा मोठे स्पंज. त्यामुळे शेजारशेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळ्या वयाचे समाज दिसतात आणि थोडी घासाघीस एकूण वैविध्य वाढवते. तीच वारंवार झाली तर काहीच मोठं होत नाही. किनाऱ्यालगतचा समुद्रबर्फ हिमनगांना हिवाळाभर अडकवून धरतो. तो कमी टिकू लागला की हे धक्के वाढतात.

बर्फाच्या जाड थराखाली, खुल्या समुद्रापासून दूर, काही जगतं का?

जगतं. २०२१ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या ह्यू ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. अंटार्क्टिकामधल्या फिल्श्नर-रॉन हिमस्तराला (समुद्रावर तरंगणाऱ्या, जमिनीवरून सरकत आलेल्या बर्फाच्या जाड थराला) गरम पाण्याने जवळपास ९०० मीटर खोल भोक पाडून गाळाचा नमुना घ्यायचा होता. खाली सोडलेला कॅमेरा एका दगडावर आदळला आणि त्या दगडावर स्पंज आणि देठावर उभे असलेले इतर प्राणी चिकटलेले निघाले. ती जागा खुल्या समुद्रापासून २६० किलोमीटर आत आहे. प्रवाहाची दिशा पाहिली तर अन्न सहाशे ते दीड हजार किलोमीटरवरून वाहत येत असावं.

जानेवारी २०२५ मध्ये जॉर्ज सहावा हिमस्तरातून सुमारे ५१० चौरस किलोमीटरचा ए-८४ हा हिमनग सुटला. जवळच असलेलं ‘फाल्कोर टू’ हे जहाज काही दिवसांतच तिथे पोहोचलं. हिमनग सुटेपर्यंत बर्फाने झाकलेल्या तळावर, १,३०० मीटरपर्यंतच्या खोलीवर, प्रवाळ, मोठे स्पंज, आइसफिश आणि समुद्री कोळी होते. स्पंजांचे आकार पाहता ते तिथे फार वर्षांपासून असणार. वरून शैवाल पडणं शक्यच नसलेल्या त्या जागी अन्न प्रवाहाबरोबर आडवं येत असणार.

आर्क्टिकचा तळ यापेक्षा वेगळा आहे का?

बराच. अंटार्क्टिकाचा किनारी तळ बर्फाच्या वजनाने दबलेला आणि सरासरी साडेचारशे मीटरच्या आसपास खोल आहे. उलट आर्क्टिकमध्ये बेरिंग आणि चुकची समुद्रांचे उथळ, अवघ्या पन्नासेक मीटरचे भाग आहेत. तिथे वसंतात वाढलेलं शैवाल तरंगत्या प्राणीप्लवकांनी संपवण्याआधीच तळाला जाऊन बसतं आणि गाळात शिंपले, कृमी आणि ॲम्फिपॉड यांची रेलचेल होते.

आर्क्टिकमधले मोठे प्राणी म्हणूनच थेट तळावर जेवतात. वॉलरस मिशांनी गाळ चाचपतो, तोंडाने पाण्याचा झोत मारून शिंपला मोकळा करतो आणि ओठांत धरून आतलं मांस शोषून घेतो. कवचं तिथेच पडतात. स्पेक्टॅकल्ड आयडर नावाची बदकं हिवाळ्यात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला बर्फातल्या फटींतून बुडी मारून शिंपले काढतात. करडा देवमासा कुशीवर वळून तळाचा गाळच ओढून घेतो आणि गाळणीतून ॲम्फिपॉड ठेवून बाकीचं सोडून देतो. मागे राहिलेल्या खळग्यांत मेलेले आणि जखमी जीव खायला लहान प्राणी जमतात.

जॅकलिन ग्रेबमायर यांच्यासारख्या संशोधकांनी दशकानुदशकं एकाच ठिकाणचा गाळ मोजला आहे. उत्तर बेरिंग समुद्रातल्या चिरिकोव्ह खोऱ्यात १९८०च्या दशकानंतर ॲम्फिपॉडची संख्या घटत गेल्याचं त्यातून दिसलं. पूर्व पॅसिफिकमधल्या करड्या देवमाशांची संख्या २०१६ मध्ये सुमारे २७,००० होती, ती २०२३ पर्यंत १४,५००च्या आसपास आली. उपासमार हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं.

सगळं अन्न ताजंच असतं का?

नाही. ८७ अंश उत्तरेजवळ, कायम बर्फाखाली असलेल्या लँगसेथ पर्वतरांगेच्या माथ्यांवर स्पंजांची दाट बाग आहे. २०१६च्या मोहिमेत तिचा अभ्यास झाला आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पाण्यात अन्न इतकं कमी आहे की एवढे स्पंज तिथे असायलाच नकोत. ते बसले आहेत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या नळकृमींच्या अवशेषांवर. स्पंजांच्या अंगातले सूक्ष्मजीव हे जुने अवशेष पचवायला मदत करतात. या स्पंजांचं सरासरी वय सुमारे तीनशे वर्षं निघालं.

मेलेला देवमासा किंवा बुडालेलं जहाज खाली गेलं तर?

देवमाशाचा सांगाडा वर्षानुवर्षं पुरतो. अंटार्क्टिकामध्ये हाडं आणि लाकडाचे तुकडे १४ महिने तळाशी ठेवून पाहिले. हाडांवर ओसेडॅक्स हे हाडखाऊ कृमी माजले, लाकूड जसंच्या तसं राहिलं. त्या खंडावर कोट्यवधी वर्षांत झाडंच नाहीत, मग लाकूड खाणारा टिकणार कशावर? १९१५ साली बुडालेलं शॅकल्टन यांचं ‘एन्ड्युरन्स’ मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, तेव्हा ते आश्चर्य वाटावं इतकं शाबूत होतं.

बर्फ कमी झाला तर ऊन वाढेल आणि तळाला जास्त अन्न मिळेल ना?

काही ठिकाणी होय. लार्सन ए हिमस्तर १९९५ मध्ये फुटला. त्याखालच्या तळाची २००७ आणि २०११ मध्ये पाहणी झाली, तर चार वर्षांत काचेच्या स्पंजांची संख्या तिप्पट झाली होती. हे स्पंज कमालीचे मंद वाढतात, ही समजूत त्याने हलली.

पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये. उथळ आर्क्टिकमध्ये बर्फ लवकर गेला आणि पाणी तापलं, तर प्राणीप्लवक वरच्या वर जास्त खातात आणि तळाला कमी पडतं. शिवाय उत्तरेकडे नवे भक्षक येतात. बेरिंग समुद्रात बर्फ कमी असलेल्या २०१७-१८च्या सुमारास पॅसिफिक कॉड मोठ्या संख्येने उत्तरेला आले. बॅरेन्ट्स समुद्रात १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसलेला स्नो क्रॅब आता स्थिरावला आहे. अन्न वाढलं तरी ते कोणाच्या तोंडी पडेल, हे ठरलेलं नसतं.

तळाशी जाऊन न बघता कोण काय खातं हे कळतं कसं?

पोट फाडून पाहता येतं, पण त्यातून फक्त शेवटचं जेवण कळतं. म्हणून ऊतींमधला नायट्रोजन तपासतात. अन्नजाळ्यात एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजन-१५चं प्रमाण सरासरी हजारी ३.४ने वाढतं. कार्बनच्या समस्थानिकांवरून अन्न बर्फावरच्या शैवालाचं की खुल्या पाण्यातल्या, याचा अंदाज येतो. ध्रुवीय गाळात एक अडचण येते. जिवाणू तेच अन्न पुन्हापुन्हा वापरतात, त्यामुळे गाळ खाणारा साधा कृमीही आकड्यांत शिकाऱ्यासारखा दिसू शकतो. म्हणून कॅमेऱ्यातली निरीक्षणं जोडीला हवीतच.

मासेमारीपासून या तळाला काही संरक्षण आहे का?

अंटार्क्टिकाभोवती १९८२ पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे आणि त्याखालच्या आयोगाने बहुतेक ठिकाणी तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली आहे. टूथफिश या मोठ्या माशासाठी लांब दोरांचे गळ टाकले जातात. त्यांच्या एखाद्या टप्प्यावर स्पंज-प्रवाळांसारख्या नाजूक जीवांची ठरावीक मात्रा वर आली, तर त्या जागेभोवती एक सागरी मैल मासेमारी बंद करावी लागते. रॉस समुद्रातलं सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र डिसेंबर २०१७ पासून अमलात आहे, तेही ३५ वर्षांच्या मुदतीने. वेडेल समुद्रासाठीचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेतच अडकलेला आहे, आणि ती ६ कोटी घरटी त्याच समुद्रात आहेत. उत्तरेला मध्य आर्क्टिकच्या खुल्या समुद्रात व्यापारी मासेमारी सुरू न करण्याचा करार जून २०२१ मध्ये अमलात आला. त्याची पहिली मुदत १६ वर्षांची आहे.